बडोद्याच्या एप्रिलमध्ये ग्रीक ईस्टरचा पाव

ताई, तुमच्या पत्रातली हकिगत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सून ग्रीसची, थेस्सलोनिकीची. लग्नानंतर काही वर्षे तिकडे काढून मुलगा-सून आता बडोद्यात, तुमच्याजवळ दांडिया बाजारात राहायला आले. गेल्या ईस्टरला तिने आजीच्या पद्धतीने त्सुरेकी केला. त्सुरेकी म्हणजे अंडी, लोणी, दूध घालून केलेला गोड पाव. त्याची तीन पेडांची वेणी घालतात आणि वर लाल रंगवलेले अंडे खोचतात. पीठ तासाभरातच भांड्याबाहेर आले, त्याला आंबूस वास सुटला, वेणी तेलकट होऊन ताटभर पसरली आणि भाजल्यावर वरून काळी, आतून कच्ची निघाली. या वर्षी ती करायचेच नाही म्हणते. तुम्ही विचारता: मैदा चुकला की यीस्ट? महलेपी आणि मस्तिखा हे त्याच्या वासाचे जिन्नस इथे कुठून आणायचे? आणि तुमच्या घरात अंडे शिजत नाही, तर बिनअंड्याचा होईल का?

सरळ उत्तर आधी देते. तिच्या आजीच्या कृतीत खोट नाही आणि सुनेच्या हातातही नाही. साहित्याला शक्य तितका कमी हात लावा. बदलायचे ते पिठाचे तापमान आणि कामाची वेळ. परगावी, परदेशी सण करणाऱ्यांचे मी बहुतेक वेळा उलटे होताना पाहते. अमुक मिळत नाही म्हणून एकेक जिन्नस बदलत जातात, आणि कृतीतले ‘उबदार जागी दोन-तीन तास झाकून ठेवा’ हे वाक्य मात्र निष्ठेने पाळतात. थेस्सलोनिकीत एप्रिलच्या दुपारी वीसेक अंश असतात. तिथे उबदार जागा शोधावी लागते. बडोद्यात त्याच दिवसांत दुपारी ३९-४० अंश असतात आणि ओट्याजवळ, दारे-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात ३६ च्या खाली काटा येत नाही. आजीने जे वाक्य लिहिले ते तिच्या स्वयंपाकघरापुरते खरे होते.

आता गेल्या वर्षी नेमके काय झाले ते बघू, कारण एकदा कारण कळले की तुम्ही स्वतःच उपाय काढाल. यीस्ट पंचवीसेक अंशांना निवांत काम करते. त्याच्या पुढे दर दहा अंशांमागे त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, तोही छत्तीस-सदतीसपर्यंत. म्हणजे छत्तीस अंशांना वायू भराभर सुटतो, पण मैद्यातली चिकटी तितक्या वेगाने तयार होत नाही. पीठ फुगलेले दिसते, आत मात्र जोर नसतो. त्याच उष्णतेत आंबटपणा आणणारे जिवाणूही जोर धरतात, तुम्हाला आलेला वास त्यांचा. तिसरी गोष्ट लोण्याची. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पार वितळते. छत्तीस अंशांच्या पिठात ते पिठाला धरून राहत नाही, सुटून बाहेर येते. वेणी पसरली ती यामुळे. मैदा बदलला असता तरी ती पसरलीच असती.

वरून काळी आणि आतून कच्ची, हे मात्र ओटीजीचे, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनचे, काम. या पावात साखर पुष्कळ, वर अंड्याचा बलक लावलेला, आणि छोट्या ओटीजीत वरचा रॉड पावापासून चार बोटांवर. १८० अंशांना वरची बाजू दहा-बारा मिनिटांत करपते आणि माणूस घाबरून पाव बाहेर काढतो.

तापमानाचा हिशेब कसा करायचा ते दाखवते. बेकरीवाले हा हिशेब रोज करतात, घरी कोणी करत नाही. तिंबून झालेले पीठ २५ अंशांवर हवे, असे धरा. पंचवीसची तिप्पट ७५. त्यातून मैद्याचे तापमान, खोलीचे तापमान आणि पीठ तिंबायच्या मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे साधारण ८ अंश वजा करायचे. जे उरेल तितके थंड दूध घ्यायचे. आपल्या डब्यातला मैदा एप्रिलमध्ये ३४ अंश, खोली ३६, घर्षण ८; बेरीज ७८. पंचाहत्तरातून अठ्ठ्याहत्तर गेले तर उणे तीन! म्हणजे दूध नुसते गार करून भागणार नाही. आता मैदा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तो ८ अंशांवर आला, खोली ३६ च, घर्षण ८. बेरीज ५२, उरले २३. आता तेवीस अंशांचे दूधही चालते. फ्रिजमधले दूध आणि फ्रिजमधली अंडी घेतलीत तर पीठ आणखी गार सुरू होते आणि तुम्हाला सावकाश, पुरेसे तिंबायला सवड मिळते. सगळ्या प्रश्नाची किल्ली ही आहे: मैद्याचा डबा आदल्या रात्री फ्रिजमध्ये. खुपसायचा थर्मामीटर मिळतो तो आणा. पीठ आणि पाव दोन्हींना तो लागेल.

साहित्य सांगते. ५०० ग्रॅम मैद्याला १४० मिलिलिटर दूध, १२० ग्रॅम साखर, दोन अंडी (टरफलाशिवाय मिळून शंभरेक ग्रॅम) आणि त्याशिवाय पिठात एक जादा बलक, ८० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, एका संत्र्याची किसलेली साल. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवट लागतो. यातून जवळपास ९७० ग्रॅम पीठ होते, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन वेण्या. सुनेच्या वहीतले प्रमाण थोडे वेगळे असेल तर तिचेच घ्या, फक्त यीस्ट माझ्याकडचे धरा. तिकडे ताजे यीस्ट वापरतात आणि त्याचे वजन इन्स्टंटच्या सुमारे तिप्पट असते. वहीतला आकडा तसाच्या तसा इन्स्टंटला लावला तर तिथेही घोटाळा होतो. गेल्या वर्षी तसे झाले होते का, तिला विचारून पाहा.

यीस्टबद्दल एक सांगायला हवे. मैद्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त साखर असली की साधे यीस्ट मंदावते, कारण साखर त्याच्यातले पाणी ओढून घेते. इथे तर साखर चोवीस टक्के आहे. अशा गोड पिठासाठी वेगळे यीस्ट मिळते. सॅफ इन्स्टंटचे लाल पाकीट साध्या पावासाठी आणि सोनेरी पाकीट गोड पिठासाठी. सोनेरी मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर लालही चालते, वेळ थोडा जास्त लागतो आणि बडोद्यात वेळ जास्त लागणे ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. फोडलेले पाकीट ओट्यावर ठेवू नका, हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा.

मैद्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे प्रथिने किती ते वाचा. आपला नेहमीचा मैदा दहा-अकराच्या घरात असतो. या पावाला बारा-तेरा हवीत, कारण त्सुरेकीची खरी परीक्षा त्याच्या तंतूंत असते. वेणीचा तुकडा हाताने ओढला की आतला भाग सावरीच्या कापसासारखा लांब लांब निघाला पाहिजे. ब्रेडसाठीचा म्हणून विकला जाणारा मैदा आणा, किंवा साध्या मैद्यात १० ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या चिकटीची पूड, मिसळा. ऑनलाइन मिळते.

दूध आपण उकळतोच, तसेच उकळा, साय काढा आणि फ्रिजमध्ये गार करा. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिने पिठाची चिकटी कमी करतात, त्यामुळे आपली दूध तापवायची सवय इथे कामी येते. पिवळे खारे बटर घेऊ नका. घरचे लोणी काढत असाल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन ताक पूर्ण काढा, नाहीतर आंबटपणा आणि जादा पाणी दोन्ही पिठात जातात. साजूक तूप चालेल का, हे तुम्ही विचारले नाहीत पण मनात असेलच. चालेल. ग्रीसमध्येही काही घरी या पावात शेळी-मेंढीच्या दुधाचे कढवलेले लोणी घालतात. लोण्यात सुमारे ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून ८० ग्रॅम लोण्याऐवजी ६५ ग्रॅम तूप आणि १५ मिलिलिटर जास्तीचे दूध. मी अर्धे लोणी, अर्धे तूप घेईन. सुनेला आपल्या घरच्या तुपाचा वास त्या पावात आवडतो का, ते एका वेणीत करून बघता येईल.

आता सुगंधाकडे येते, कारण त्सुरेकी ओळखला जातो तो वासावरून. महलेपी म्हणजे एका रानटी चेरीच्या बाठ्यातला गर. चव कडू बदामाच्या जवळची, थोडी फुलांची. मस्तिखा म्हणजे ग्रीसच्या खिओस बेटाच्या दक्षिण भागात होणाऱ्या झाडाचा डिंक. त्याच्या लागवडीच्या पिढीजात कौशल्याला २०१४ मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतले आहे. उत्तर ग्रीसमध्ये वेलदोडाही घालतात, त्यामुळे थेस्सलोनिकीची मुलगी वेलदोड्याला परका म्हणणार नाही.

मस्तिखा तुम्हाला बडोद्यातच मिळेल. मांडवीच्या आसपास काष्ठौषधीची जुनी दुकाने आहेत, ज्यांना इथे गांधी म्हणतात, तिथे ‘रूमी मस्तकी’ मागा. युनानी औषधांत ती वापरतात. महाग असते आणि भेसळही होते, म्हणून घेताना एक खडा चावून बघा. खरी मस्तकी आधी भुरभुरते आणि मग तोंडात मऊ होऊन च्युइंगगमसारखी चघळता येते. दुसरा कुठला डिंक असेल तर त्याचा नुसता भुगा होतो किंवा तो दातांना चिकटतो. घरी आणून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि पिठाच्या साखरेतली चमचाभर साखर घालून खलबत्त्यात कुटा. साखरेशिवाय कुटलीत तर खलाला चिकटून बसेल. ५०० ग्रॅम मैद्याला पाव चमचा पूड पुष्कळ झाली. जास्त झाली तर पावाला औषधाचा वास येतो, तेव्हा हात आखडता घ्या.

महलेपीसाठी मात्र जरा जपून. दिवाळीच्या उटण्यात आपण गव्हला घालतो ना, तोही याच जातीच्या बिया म्हणून ओळखला जातो. पण गव्हला या नावाखाली दुसऱ्या झाडाची फळेही बाजारात येतात, आणि उटण्याचा माल खाण्याच्या मालासारखा निवडलेला नसतो. म्हणून वास कितीही जुळला तरी उटण्यातला गव्हला पावात घालू नका. सुनेच्या माहेराहून अख्ख्या बिया मागवा, दळलेली पूड नको, ती महिन्याभरात खवट होते. एक चहाचा चमचा ताजी पूड पुरते. वेळेत आल्याच नाहीत तर अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, संत्र्याची साल आणि बदामाच्या इसेन्सचे तीन-चार थेंब घाला. तो तिच्या आजीचा वास नसेल, हे तिला आधी सांगून ठेवा. जर्दाळूच्या कडू बिया कुटून घाला, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यातून विषार तयार होतो.

अंड्याचा प्रश्न मी मुद्दाम इथवर ठेवला, कारण तो नुसता कृतीचा नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी मोठा उपास धरतात. चाळीस दिवस आणि वर शेवटचा पवित्र आठवडा. त्यात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज काही चालत नाही. २५ मार्च आणि ईस्टरच्या आधीचा रविवार सोडला तर मासेही नाहीत. सगळेच इतके कडक पाळतात असे नाही, पण पाव त्या उपासाच्या सुटण्याचा आहे. जे इतके दिवस वर्ज्य होते ते सगळे, अंडी, दूध, लोणी, एकाच पिठात येते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अंडे काढून टाकलेला पाव गोड होईल, मऊ होईल, पण तो तिच्या ईस्टरचा पाव होणार नाही. ती तुमच्या घरी आली आहे, तिच्यासाठी बडोदा हा परदेश आहे, आणि वर्षातून एक दिवस ती एवढेच मागते आहे.

तुमच्या घरचा आचार मोडा असे मी म्हणत नाही. ओटीजी हलवता येतो. तो गॅलरीत किंवा गच्चीच्या खोलीत लावा. एक परात, एक वाडगा, एक ब्रश आणि एक ट्रे तिच्यासाठी वेगळा काढून द्या, तो वर्षभर तिच्याच कपाटात राहू द्या. अंडी फत्तेगंजात सहज मिळतात, मुलगा आणेल. पुष्कळ घरांतून असेच निभते आणि कुणाला त्रास होत नाही. तुमची नणंद किंवा शेजारी यावर काही बोलतील ही धास्ती पत्रात दिसली. त्याला उत्तर तुम्ही दिलेत तर सुनेला द्यावे लागणार नाही.

आणि तुम्हालाही त्या दिवशी तिच्याबरोबर काही खाता यावे म्हणून बिनअंड्याची एक छोटी वेणी वेगळी करा. २५० ग्रॅम मैदा, ११० मिलिलिटर दूध, ३० ग्रॅम घट्ट दही, ५५ ग्रॅम साखर, ४५ ग्रॅम लोणी, ४ ग्रॅम यीस्ट, चिमूटभर मीठ, दुधात भिजवलेले केशर आणि वेलदोडा. वरून बलकाऐवजी दूध-साय लावा आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या साखरेच्या पाकाचा हात फिरवा, चकाकी येते. ही आधी तिंबा, आधी भाजा, म्हणजे भांड्यांचा प्रश्नच येत नाही.

आता कृती. तिंबताना लोणी सोडून सगळे एकत्र करा, वीसेक मिलिलिटर दूध मागे ठेवून. आपल्याला पोळीच्या कणकेची सवय, त्यामुळे हाताला चिकटणारे पीठ दिसले की वर मैदा भुरभुरायचा मोह होतो. तो आवरा. सुरुवातीला हे पीठ चिकटणारच. मिक्सरमध्ये बारा-पंधरा मिनिटे, हाताने वीसच्या पुढे. पीठ भांड्याच्या कडा सोडू लागले की गार पण दाबले जाईल इतपत मऊ लोणी थोडे थोडे घाला. पीठ पुन्हा विस्कटल्यासारखे दिसेल, घाबरू नका, पाच मिनिटांत परत सांधते. सुपारीएवढी गोळी घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ताणून बघा. पापुद्रा न फाटता पलीकडची बोटे अंधुक दिसली की झाले. तिंबता तिंबता थर्मामीटर २७ च्या वर गेला तर भांड्यासकट पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पुढे चला.

झाकणाच्या डब्याला तेलाचा हात लावून पीठ त्यात घाला. ओले फडके घालू नका, बडोद्याच्या कोरड्या हवेत पंख्याखाली ते अर्ध्या तासात वाळते आणि पिठावर साल धरते. ती साल नंतर पावात गाठी होऊन राहते. बाहेर तीस-चाळीस मिनिटे, नुसते हलायला लागेपर्यंत, मग रात्रभर फ्रिजमध्ये. आठ ते बारा तास. फ्रिजमध्ये ते दीडपट झाले तरी पुरे. या गार मुक्कामात वास खोल होतो आणि लोणी घट्ट झाल्यामुळे वेणी सुबक पडते. उन्हाळा नसता तरी मी हा पाव असाच केला असता.

पहाटे पाचला उठा. एप्रिलमध्ये इथली पहाट चोवीस-पंचवीस अंशांची असते, आणि हा पाव फुगायला याहून चांगली वेळ दिवसभरात मिळत नाही. पिठाचे सहा भाग करा, प्रत्येकी १६० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकाची हातभर लांब वळी करा, मध्ये जाड, टोकांना निमुळती. वळी आखडली तर ओढू नका, पाच मिनिटे झाकून सोडून द्या, आपोआप सैल होते. वेणी सैलसर घाला. घट्ट घातली तर फुगताना पेड फाटतात. टोके खाली दुमडा. बटर पेपरवर ठेवा, आणि तरीही पसरेल अशी धास्ती असेल तर ब्रेडच्या लांबट डब्यात ठेवा, आकार धरून राहील. दीड ते दोन तास लागतील. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला की ओव्हन तयार हवा. खळगा लगेच भरला तर थांबा, भरलाच नाही तर उशीर झाला, लगेच आत घाला.

एका बलकात एक चमचा दूध आणि चिमूटभर मीठ घालून ब्रशने दोनदा लावा, मध्ये दहा मिनिटे जाऊ द्या. वर बदामाचे काप. ओटीजी वीस मिनिटे आधी तापवा, दोन्ही रॉड, १६० अंश, ट्रे खालच्या खाचेत. लहान ओटीजी असेल तर एका वेळी एकच वेणी भाजा, दुसरी तोवर फ्रिजमध्ये. पंधरा मिनिटांनी रंग धरला की वर फॉइल सैल ठेवा. तीस ते पस्तीस मिनिटांनी जाड भागात थर्मामीटर खुपसा, ९० अंश दिसले की बाहेर काढा. जाळीवर ठेवा आणि निदान तासभर कापू नका.

लाल अंड्यांसाठी रंग विकत आणायची गरज नाही. आपल्या लाल कांद्याची सुकी साले जमवायला आजपासून लागा. पंधरा कांद्यांची साले लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा, दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. त्यात अंडी ठेवून मंद आचेवर बारा मिनिटे शिजवा आणि त्याच पाण्यात फ्रिजमध्ये ठेवून द्या. इथली पांढरी अंडी विटकरी लाल रंग छान धरतात. कोरडी झाली की तेलाचे बोट फिरवा. पावात लाल अंडे घालून भाजले तर रंग पिठात उतरतो. त्यापेक्षा भाजताना न रंगवलेले, टरफलाला तेल लावलेले अंडे वेणीत खोचा आणि ताटात मांडताना ते काढून त्या खळग्यात लाल अंडे बसवा. या उष्णतेत उकडलेली अंडी एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेली एकमेकांवर आपटून फोडायचा खेळ असतो, ज्याचे शाबूत राहील त्याचे वर्ष चांगले जाते म्हणतात. तो तुम्ही अंडे न खाताही खेळू शकता.

शेवटी तारखा, कारण यात गफलत होते. २०२५ मध्ये सगळ्यांचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला होता. २०२६ मध्ये बडोद्यातल्या चर्चमध्ये तो ५ एप्रिलला, पण ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचा १२ एप्रिलला. ते जुन्या ज्युलियन पंचांगावरून तारीख काढतात. तेव्हा शुभेच्छा ५ ला देऊन मोकळे होऊ नका, तिचा पवित्र आठवडा तेव्हा सुरूच व्हायचा असतो. अंडी रंगवायचा दिवस गुरुवार, ९ एप्रिल. शुक्रवार १० हा शोकाचा दिवस, त्या दिवशी पीठ मळलेले तिला चालेल का, तिलाच विचारा. चालत असेल तर शुक्रवारी रात्री तिंबून शनिवारी पहाटे भाजा. चालत नसेल तर बुधवारी रात्री तिंबून गुरुवारी पहाटे भाजा आणि पूर्ण गार झाल्यावर दोन थर गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. शनिवारी रात्री जेवणानंतर बाहेर काढलात तर वेळेवर मऊ होतो.

ती वेळ म्हणजे ग्रीसमधली मध्यरात्र. तेव्हा चर्चमध्ये मेणबत्त्या पेटतात आणि ‘ख्रिस्तोस अनेस्ती’, ख्रिस्त उठला, असे एकमेकांना म्हणतात. उत्तर ‘अलिथोस अनेस्ती’, खरोखर उठला. भारतात ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे ते कोलकात्याला, काळीघाटजवळ. बडोद्यातून तिला घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवरच हे करावे लागणार. आपल्याकडे तेव्हा रविवारचे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. जागत असाल तर तुम्हीही बसा तिच्याजवळ, विहीणबाईंना उत्तर तुम्ही दिलेत तर त्यांना फार बरे वाटेल.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर, त्याहून जास्त ठेवायचा तर काप करून फ्रीजरमध्ये. काढलेला काप तसाच तव्यावर मंद आचेवर लोण्याबरोबर भाजा, साखर जास्त असल्यामुळे पटकन लागतो, तेव्हा तव्याजवळून हलू नका.